पत्त्यापाशी थांबणं

बाई, परवा मी तुमच्याबद्दल ब्लॉगवर लिहिलं. ब्लॉग म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. आपलं वहीत लिहावं तसं लिहायचं आणि वही चौकात उघडी ठेवून द्यायची. येणारे-जाणारे वाचतात, कुणी खाली दोन ओळी खरडून जातं. मी नेदरलँड्समध्ये राहते आणि मराठीत घरातल्या यंत्रांबद्दल लिहिते. कोणता फोन घेतला, कोणता परत केला, बोलणारं घड्याळ माळ्यावर का टाकलं, असलं काहीबाही. तुम्ही म्हणाला असता, "एवढं शिकून हेच का गं?" व्हय बाई, हेच.

तर एका वाचकानं विचारलं, "ताई, तुम्ही फोनवर शब्द सुचवणं बंद का ठेवता?" आता हे तुम्हाला कसं समजावू? आजकाल फोनवर टाईप करताना पुढचा शब्द फोनच सुचवतो. तो आपलं आधीचं लिहिणं लक्षात ठेवतो, आणि जे जास्त वेळा लिहिलं तेच पुढं करतो. बंद करायच्या आधी मी गंमत म्हणून बघायची. 'पाणी' लिहिलं की तो 'आलं का' म्हणायचा. इथं नळाला अष्टौप्रहर पाणी, खिडकीखाली कालवा, आणि माझा फोन विचारतोय, पाणी आलं का! तिकडं घरी भावाला रोज फोनवर तेच विचारते ना मी, तिथून उचललं त्यानं. मला याचं भारी कुतूहल वाटायचं, की यंत्राला सवय लागते म्हणजे नेमकं काय होतं? आणि मग आठवायचं की हे मी कुठंतरी पाहिलंय, फोनच्या कितीतरी आधी, तुमच्या टायपिंग क्लासात.

पुंडलिकनगरातल्या त्या पत्र्याच्या खोलीत सहा मशिनी होत्या आणि प्रत्येकीच्या बटणांवर तुम्ही लाकडी खोकं उपडं घातलेलं. आत हात घालायचे, बघायचं नाही. "बोट कुठं जातंय ते बोटाला कळलं पाहिजे, डोळ्याला नाय," असं म्हणत तुम्ही मागून फिरायचात आणि मान खाली गेली की फूटपट्टी हळूच हनुवटीखाली यायची. आम्हा सगळ्यांना मिनिटाला तीस शब्दांची परीक्षा देऊन वाळूजच्या कंपनीत नाहीतर एखाद्या सरकारी कचेरीत चिकटायचं होतं. शहर तेव्हा चहूकडं फुटत होतं, काल जिथं ज्वारीचं रान होतं तिथं आज प्लॉटचे दगड, आणि त्या दुष्काळाच्या वर्षांत नवी घरं आधी आणि पाणी मागाहून, कधी तेही नाही. म्हणून लोक टँकरचे अर्ज घेऊन तुमच्याकडं यायचे. तुम्ही ते आम्हाला उतारा म्हणून द्यायचात. पुस्तकातला उतारा कुणी वाचत नाही, हा कुणीतरी वाचणार आहे, म्हणून नीट टाईप करा, असं तुमचं म्हणणं. तीन प्रती, मध्ये दोन कार्बन, खाली डाव्या कोपऱ्यात टाईप करणाऱ्याची आद्याक्षरं. आमच्याच गल्लीचे अर्ज इतके आले त्या उन्हाळ्यात की 'राहणार पुंडलिकनगर, गल्ली नंबर दोन' हे माझी बोटं झोपेतसुद्धा बडवत असतील.

मग त्या मावशी आल्या. चितेगावच्या कंपनीत पॅकिंगला जायच्या, रेल्वे पटरीपलीकडच्या नव्या वस्तीत राहायच्या. मुलीच्या हळदीला जादा टँकर हवा होता. तुम्ही नेमक्या रिबिनी आणायला गावात निघाला होतात. चपला घालता घालता मला म्हणालात, "आज तू बघून दे. नीट वाचून सही घे त्यांची." मला काय हुरूप आला! मी खडखडाट करत अर्ज संपवला, मावशींची सही घेतली, आणि त्या "लई झाक केलंस पोरी" म्हणून गेल्या. मजकूर बरोबर होता. पत्ता मात्र माझ्या बोटांनी आमचाच घातला होता. मी वाचून बघितलं नव्हतं.

हळदीच्या दिवशी सकाळी टँकर आमच्या गल्लीत येऊन उभा राहिला. आईनं स्वयंपाकघरातले डबेसुद्धा रिकामे करून भरले. डाळ परातीत ओतली आणि डाळीच्या डब्यात पाणी. ती किती खूश होती, हे मी कसं विसरू? त्या दिवशी तिनं मला डोक्यावरून न्हाऊ घातलं, एवढ्या मोठ्या घोडीला.

दुसऱ्या दिवशी मावशी क्लासात आल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "बाई, पानी तुमच्या पुंडलिकनगरातच उतरलं म्हणं," त्या म्हणाल्या. "पोरीच्या अंगाची हळद धुवाया मी दारोदार तांब्या घेऊन फिरले. पावनं काय म्हनले असतील?" तुम्ही उभ्या राहिलात. "अर्ज माझ्या क्लासातून गेला. चूक माझी," एवढंच बोललात आणि घरच्या टाकीतलं होतं नव्हतं ते पाणी ड्रमांत भरायला लावलंत, लग्नाला तरी पुरावं म्हणून. हातगाडी आम्ही मुलींनी ढकलली. मी सगळ्यात पुढं होते. पटरी ओलांडताना ड्रम हिंदकळला आणि तुम्ही खेकसलात, "हळू! थेंब सांडू नका." तुमच्या घरी पुढचे चार दिवस पाणी नव्हतं, हे मला मागाहून कळलं.

कार्बनची प्रत तुमच्या कपाटात होती. तिच्या कोपऱ्यात माझी आद्याक्षरं होती. तुम्ही ती काढून पाहिली होती का, हे मला आजही जाणून घ्यायचंय. कारण तुम्ही कुणालाच विचारलं नाही. फक्त दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सांगितलंत, "पत्ता आला की थांबायचं. बोटं उचलायची. मग टाईप करायचं." मी अजून थांबते. इथं ऑनलाइन भाजी मागवतानासुद्धा पत्त्याच्या रकान्यात आले की माझे हात वर जातात आणि नवरा हसतो, "नमाज पढतेस का?" म्हणून.

हे सगळं मी ब्लॉगवर लिहिलं. सवयीच्या शब्दाची मला भीती वाटते, म्हणून सुचवणं बंद, असं लिहिलं. लोकांना फार आवडलं. "किती प्रामाणिक!" असं एकीनं लिहिलंय. दुसरी म्हणते, बोटांचा दोष एवढी वर्षं मनाला लावून घेऊ नका. ते वाचल्यापासून मला चैन नाही. तुम्ही जाऊन आता इतकी वर्षं झाली, भावानं फोनवर सांगितलं तेव्हा मी भांडी धूत होते आणि धूतच राहिले. तुमच्या खोलीत आता मोबाइलचं दुकान आहे. हे लिहिलेलं ब्लॉगवर जाणार नाही, तुमच्यापर्यंतही पोचणार नाही, म्हणून तर लिहायला धजावतेय.

बोटांनी पत्ता चुकवला, हे खरंच आहे. पण त्या सकाळी टँकरचा ड्रायव्हर चिठ्ठी घेऊन खाली उतरला होता. आई हंडे आणायला आत गेलेली, बाकीच्या बाया आपापल्या घरात, दारात मी एकटी. "लग्नाचं घर कंचं गं?" त्यानं विचारलं. चिठ्ठीवर मावशींचं नाव होतं, ते मी वाचलं. त्यांचं घर कुठं आहे, हे मला ठाऊक होतं. टँकर अजून भरलेला होता, पटरी काही लांब नव्हती.

मी म्हणाले, "हेच."