पाकिटावरचा आकडा

५ ऑक्टोबर २०२५, रविवार, सकाळी ७

वजन ९१.४. बनियन काढून ९१.२. ९१.२ धरायचं.

आजपासून रोज लिहायचं. काल हैदराबादला डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं. अण्णाचं लिव्हर जुन्या काविळीनं संपलंय. माझं जुळतं, पण माझ्या लिव्हरवर चरबी आहे. ती उतरली तर माझ्यातला तुकडा काढून अण्णाला बसवता येतो. २२ डिसेंबरला परत तपासणी. नाही उतरली तर अण्णाची पोरगी सुकन्या देणार. वय बावीस, लातूरला फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला.

मी सगळ्यांसमोर उभा राहून सांगितलं की पोरीच्या अंगाला हात लावायचा नाही, सख्खा भाऊ अजून जिवंत आहे. बसम्मा वहिनी रडली. अण्णानं माझा हात धरला, सोडेचना. माझं बोलणं मलाच आवडलं. रात्रीच तेच वाक्य स्टेटसला टाकलं. आत्तापर्यंत दोनशे चौदा जणांनी बघितलं.

डॉक्टरनं एक कागद दिलाय. गोड, तळलेलं, बेकरी, पाकीटबंद सगळं बंद. भाकरी, वरण, पालेभाजी, चालणं. सगळ्यांना देतात तोच छापील कागद. ड्रॉवरमध्ये ठेवला.

६ ऑक्टोबर

कॅलरी मोजायचं अ‍ॅप घेतलं. दिवसाला १४००. त्याच्या आत राहिलं की माणूस बारीक होतोच. मग कॅलरी भाकरीची असो नाही तर बर्फीची. किलोभर लोखंड आणि किलोभर कापूस, काट्यावर सारखंच. वीस वर्षं उदगीरच्या मोंढ्यात धान्याची आडत चालवतोय, काटा मला कुणी शिकवू नये.

७ ऑक्टोबर, दुपारी

अडचण. अ‍ॅपमध्ये लिहिलंय 'ज्वारीची भाकरी, मध्यम'. मध्यम म्हणजे काय?

दुकानातला छोटा काटा घरी आणला. पहिली भाकरी ११८ ग्रॅम. दुसरी १४२. तिसरी ९६. शिवानीला विचारलं, लग्न झाल्यापासून रोज थापतेस, एकसारखी येत नाही का. ती म्हणाली, हाताचं माप असतंय ते, वीस वर्षांत कुणी मेलं का त्यानं. मी म्हणालो, अशा बायकांमुळंच देश मागं आहे. तिनं चौथी भाकरी तव्यावरून उचलून तशीच काट्यावर टाकली. काट्याची प्लास्टिकची ताटली वाकडी झाली. जाणूनबुजून केलं.

वरणाचं तर विचारूच नको. पळी कुणी मोजली?

८ ऑक्टोबर

उपाय सापडला. पाकिटावर आकडा छापलेला असतो. क्रीम बिस्किट, एक नग ५२. फरसाण, तीस ग्रॅम १६५. थंड्याचा कॅन १४०. कंपनीनं मशीनवर मोजलेलं, त्यात खोट नाही. भाकरीवर काय छापलंय?

आजपासून ज्याच्यावर आकडा नाही ते तोंडात घालायचं नाही. शिवानीला सांगितलं की माझा स्वयंपाक करू नको. ती म्हणाली, बरं. एवढं लवकर बरं म्हणेल असं वाटलं नव्हतं.

१३ ऑक्टोबर

९०.१. आकडा बोलतो.

शिवानीला पण काट्यावर उभं केलं. ६८. उंचीच्या मानानं माझ्यापेक्षा वाईट. तिच्या माहेरची माणसं आली होती तेव्हाच सांगितलं, म्हणजे मनावर घेईल. दोन दिवस बोलली नाही. कडू औषध लागू पडायला वेळ लागतो.

चालणं सुरू करायचं होतं, पण सकाळी कुत्री असतात.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

फराळाला हात लावला नाही. दोन चकल्या खाल्ल्या, एक लहान होती म्हणून अ‍ॅपमध्ये दीड लिहिल्या.

अण्णाकडं गेलो. ५८ किलोवर आलाय, काहीही न करता. पोट मात्र मोठं आहे, त्यात पाणी साचतं. बाकी चेहरा एकदम कोरीव झालाय. म्हणालो, अण्णा, तुझं नशीब बघ. वहिनी उठून आत गेली.

सुकन्या लातूरहून आली होती. माझी बॅग उघडून बसली. बिस्किटं, सोनपापडी, टोमॅटो चिप्स, तीन कॅन. म्हणाली, काका, हे १४०० असलं तरी साखर आणि तेल सगळं लिव्हरमध्येच जाऊन बसतंय, आकडा नका बघू, जिन्नस बघा. भाकरी खा, जास्त झाली तरी चालेल. मी म्हणालो, बाळा, तू अभ्यास कर, काका आहे ना. तिनं पाकिटं उलटी केली. नंतर पाकिटांच्या मागचं बारीक अक्षर वाचून दाखवायला लागली. हल्लीच्या पोरांना दोन पुस्तकं वाचली की मोठ्यांना शिकवायचा सोस.

३ नोव्हेंबर

८९.४. हळू आहे पण आहे.

हात बारीक दिसायला लागले. जिना चढताना दम लागतो, ते चांगलं लक्षण असणार, चरबी जळताना होतं. संध्याकाळी डोकं दुखतं आणि शिवानीवर ओरडावं वाटतं. ओरडलो.

१२ नोव्हेंबर

मोंढ्यात सोयाबीनची गर्दी. हाडोळतीचे शेषेराव चाळीस कट्टे घेऊन आले. वजन बरोबर, पण मशीन लावलं तर ओलावा सोळा टक्के. परत पाठवले. शेषेराव म्हणाले, मालक, वजन तर पूर्ण हाय की. मी सगळ्यांसमोर समजावलं की वजन कुणाचंही भरतं, आत काय आहे ते बघावं लागतं. पन्नास किलोच्या कट्ट्यात आठ किलो पाणी घालून आणलं तर मी काय पाणी विकू? म्हातारा कट्ट्यांकडं वळला. कट्टे परत उचलताना त्यांचा पाय घसरला, लोक हसले. मी पण हसलो, पण मनातून वाईट वाटलं.

दुपारचं जेवण: क्रीम बिस्किट सहा, थंडा एक, फरसाण तीस ग्रॅम. ६१७. व्यवस्थित.

२७ नोव्हेंबर

अण्णाच्या पोटातलं पाणी काढलं. साडेचार लिटर. म्हणजे एका दिवसात साडेचार किलो. माझे आठ आठवड्यांत अडीच उतरले. देव काही माणसांना सगळं सोपं देतो.

वहिनीचा फोन आला होता की भावजी, अण्णा मला ओळखेना झालेत, मला आई समजून अव्वा म्हणून राहिलेत, तुम्ही या. निघणारच होतो. पण रिकाम्या पोटी गाडी चालवू नये आणि दिवसाच्या १४०० तर चार वाजताच संपल्या होत्या. शिस्त मोडली तर अण्णाचंच नुकसान. उद्या जातो म्हणालो.

२८ नोव्हेंबर

अण्णा आज ओळखतोय म्हणे. मग घाईनं जाण्यात अर्थ नव्हता.

९ डिसेंबर

८८.६. बारा दिवसांत शंभर ग्रॅम. काट्यात दोष असावा. दुसरा आणला. त्यावर ८९. पहिलाच बरा.

शिवानीनं ड्रॉवरमधून तो डॉक्टरचा कागद काढून फ्रिजवर लावला. म्हणाली, तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी लावलाय. ती पाच किलो कमी झाली म्हणे. भाकरी खाऊन. रोज मैदानावर चालते. मला सांगितलंच नाही. मी म्हणालो, बायकांचं पाण्याचं वजन असतं.

१५ डिसेंबर

आठवडा उरला. पेटून उठलो. १४०० चं ९०० केलं. पाणी कमी. सकाळी दोन बिस्किटं, दुपारी कॅन, संध्याकाळी सोनपापडीचा एक चौकोन. आकडा पाडणार म्हणजे पाडणार.

१९ डिसेंबर, वेळ अमावस्या (येळवस)

सगळं उदगीर शेतात. अण्णाला खुर्चीवर बसवून चौघांनी शेतापर्यंत नेलं. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप, तिच्यात पूजा, मग पंगत. भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील. या दिवशी वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून जेवायला बसवतात, नाही म्हणायची सोय नसते. मी अकरा शेतांत नाही म्हणालो. भज्जीत शेंगा, पालेभाज्या, डाळी, काय काय असतं, कोण मोजणार? अ‍ॅपमध्ये तर नावच नाही.

लोकांना सांगत गेलो की भावाला लिव्हर द्यायचंय, पथ्य आहे. सगळे हात जोडायचे. एका म्हातारीनं माझ्या पाया पडायला बघितलं. मी तिला अर्ध्यात थांबवलं.

मग अण्णानं बोलावलं. त्याला स्वतःला मीठ बंद, दोन घोट आंबीलच्या वर काही नाही. हातात वाटी धरून बसला होता. म्हणाला, संगू, एवढं तरी पी, माझ्या हातचं. पुढच्या येळवशीला मी हाय न्हाई. मला भरून आलं. पण शिस्त म्हणजे शिस्त. म्हणालो, अण्णा, तुझ्यासाठीच नाही म्हणतोय. त्यानं वाटी खाली ठेवली, थोडी सांडली. वहिनीनं माझ्याकडं बघितलं नाही.

गाडीत बसून फरसाणची तीन पाकिटं खाल्ली. ४९५. सगळं लिहिलं, एक दाणा लपवला नाही.

२२ डिसेंबर, हैदराबाद

वजन ८४.९. एकदम टाळ्या वाजवाव्या वाटल्या.

मग मशीनवर लिव्हर बघितलं. चरबी होती तेवढीच. थोडी वाढली.

मी डॉक्टरला अ‍ॅप दाखवलं. सत्त्याहत्तर दिवस, एक दिवस चुकला नाही. त्यानं बोटानं वर सरकवत सरकवत सगळं बघितलं. शेजारच्या डॉक्टरणीला बोलावलं, तिनं पण बघितलं. मला वाटलं कौतुक चाललंय. मग त्यानं विचारलं, यात जेवण कुठं आहे. मी म्हणालो, हेच. तो म्हणाला, कमी झालंय ते हातापायाचं मांस आणि पाणी, चरबी जिथं नको तिथंच बसलीय. तुमच्यातून काढता येणार नाही. अण्णाला आता थांबता येणार नाही. मुलगी उद्या भरती.

सुकन्याच्या तपासण्या म्हणे ऑक्टोबरमध्येच झालेल्या. ती तेव्हाच पास होती. मला कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल.

मी तिथंच रडलो. सुकन्यानं मला पाणी आणून दिलं.

कपडे आणायला परत निघालो. दुःख एवढं की ड्रायव्हरनं जहिराबादच्या पुढं हलवून उठवलं. बिदरच्या अलीकडं ढाब्यावर तीन रोट्या, डाळ, कांदा. काही मोजलं नाही. इतकी चव कित्येक दिवसांत लागली नव्हती. दुःखात भूक लागते असं ऐकलंय.

२४ डिसेंबर, हैदराबाद, दुपारी

सकाळी सातला पोरीला आत नेलं. नेताना तिनं कानातले काढून आईच्या हातात दिले. माझ्याकडं बघून हसली. हसायला नको होतं.

मोंढ्यातल्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं की संगमेश्वर शेठचं ऑपरेशन आज आहे, सगळ्यांनी प्रार्थना करा. पंचाऐंशी मेसेज. धन्य ते भाऊ. असा भाऊ प्रत्येकाला मिळो. मी हात जोडलेलं चित्र टाकलं. एकेकाला कुठं खुलासा करत बसायचा, मोबाईलची बॅटरी पण कमी होती.

वहिनी म्हणाली, भावजी, तुम्ही जावा घरी. मी म्हणालो, बसतो. ती म्हणाली, बसून तरी काय करणार हाव. शिवानी तिच्या शेजारी बसली होती. तिनं डबा उघडला, वहिनीला भाकरीचा तुकडा मोडून दिला. मला विचारलं नाही.

१८ जानेवारी २०२६, रविवार

अण्णा घरी आला. बोलतो. अर्धी भाकरी खातो. डोळ्याचा पिवळेपणा गेलाय.

सुकन्याची परीक्षा गेली. वर्ष गेलं. तीन महिने वजन उचलायचं नाही. पलंगावर पडून होती. मी सफरचंदं घेऊन गेलो. बाहेरचं दार लोटलेलं होतं, वहिनी देवळात गेली होती.

मी म्हणालो, बाळा, फार वाईट झालं, काकानं सत्त्याहत्तर दिवस प्रयत्न केला. तिनं उशी मागं ओढून घेतली. मग अगदी सावकाश म्हणाली, काका, डॉक्टर ऑक्टोबरमध्येच म्हणाले होते, मुलीचं चालतंय, पुढच्या आठवड्यात करू. पप्पाच म्हणाले, संगूनं सगळ्यांसमोर शब्द दिलाय, त्याला वाईट वाटंल, थांबा. मग चार वेळा त्यांचं पाणी काढलं. तीन वेळा त्यांनी मला ओळखलं न्हाई. भीती वाटत होती तर तेव्हाच सांगायचं होतं तुम्ही. कुणी तुम्हाला काही म्हणलं नसतं.

मी म्हणालो, भीती कसली, मी मोजून खात होतो. ती म्हणाली, व्हय. मग म्हणाली, जाताना दार लावून घ्या.

सफरचंदं तिथंच ठेवून आलो.

भीती वाटत होती. डॉक्टरनं माझा शर्ट वर करून, बरगडीपासून बेंबीच्या वरपर्यंत, बोटानं रेघ ओढून दाखवली होती, इथून इथपर्यंत कापणार म्हणून. त्या दिवसापासून लई भीती वाटत होती. ते बोट गार होतं. तपासणीत नापास होऊन हैदराबादहून परत येताना गाडीत झोप लागली ती दुःखानं नाही.

शिवानीला हे सांगावं का, बघतो.