वाङ्मयचौर्य आणि लालबागच्या मावशी

सर, तुम्ही गेल्यानंतरची एक वार्ता निवेदन करायची राहिली. तुमचा हा शिष्य सांप्रत महाविद्यालयाच्या वाङ्मयचौर्य-प्रतिबंधक समितीचा अध्यक्ष आहे. चोरी संगणक पकडतो. मजकडे केवळ गांभीर्य धारण करण्याचे कार्य उरले आहे.

गेल्या आठवड्यात या संगणकाने दोन विद्यार्थिनींचे प्रकल्प पकडले. विषय गिरणगावातल्या खानावळी, आणि पानेच्या पाने शब्दशः एक. समितीचा कल दोघींना नापास करण्याकडे, म्हणजे पदवी लांबणीवर. एक रडत होती, दुसरी भांडत होती. "सर, आम्ही एकाच चाळीत राहतो. खानावळवाल्या मावशीपण एकच. दोघी वेगवेगळ्या जाऊन रेकॉर्ड करून आलो. त्या सगळ्यांना तसंच सांगतात, त्याला आम्ही काय करणार?" मी दंडादेशार्थ लेखणी उचलली आणि तुमचे ठाकूरद्वारचे स्वयंपाकघर आठवले. तुम्ही स्टोव्हला पंप मारताय, वर्गमित्राने माझा निबंध उतरवल्याची तक्रार मी वीरश्रीने मांडतोय, आणि तुम्ही मान वर न करता म्हणता, "त्याला विचारलंस का रे? नाही ना? मग आधी विचारून ये. चहा नंतर."

सबब अध्यक्षमहोदय धापा टाकीत लालबागच्या चाळीचे जिने चढले. मावशींनी मला आपादमस्तक न्याहाळले. "प्रोफेसर काय? बसा. जेवलात की तसेच आलात?" मग सुरू झाल्या. "रात्रपाळी सुटली की माणसं जिन्यापासनं बांगड्याचा वास घेत यायची. मी म्हणायची, आधी हात धुवा, मग भूक सांगा." माझ्या मांडीवरच्या दोन्ही प्रकल्पांत हेच, याच क्रमाने. आतून सूनबाई ओरडल्या, "आता मुकादमाचं येईल हां, सर!" आलेच. मी पान उलटले, तर मावशी माझ्या आधी तिथे पोचलेल्या.

दोघी उत्तीर्ण झाल्या. मावशींचे बोल अवतरणचिन्हांत घालून, खाली त्यांचे नाव लिहून आणण्याची आज्ञा मी केली. समितीच्या अहवालात 'मूळ स्रोत सदेह उपलब्ध. बांगडा उत्तम' असा अभिप्राय नोंदवला. उत्तरार्ध प्राचार्यांनी खोडला.

हे पत्र टाकायला पेटी नाही, ते एका अर्थी बरेच. तुमचे ते स्टोव्हजवळचे वाक्य मी वर्गात वरचेवर त्याच स्वरात म्हणतो; मागच्या बाकावरची मंडळी हल्ली माझ्या आधीच "चहा नंतर!" म्हणून मोकळी होतात. ते वाक्य माझेच आहे, असा त्यांचा समज आहे. तो मी अद्याप दूर केलेला नाही.