शिट्टी नसलेल्या गिरणीचा चार्ज

अहो,

जयभीम. नाव घेऊन हाक मारायची सवय न्हाई, म्हणून आताही 'अहो'वरच भागवते. तुम्ही तापानं गेलात, घरी पुण्यानुमोदन झालं, आणि परवा तुमचं सामान न्यायला मी किनवटला उतरले. तिथनं डोंगर चढून तुमच्या गिरणीवर आले, आणि इथंच अडकून पडले हाय. हे तुम्हाला सोडून कुणाला लिहू?

अकरा वर्षं तुम्ही ही बंद पडलेली लाकूड कापायची गिरणी राखली आणि मी तिकडं लातूरजवळ शिरूरला दोन पोरी राखल्या. कधी म्हणाला न्हाईत, चल बघायला! मला वाटायचं, वर कुणी दुसरी ठेवली असंल. हसू नका, खरंच वाटायचं. खोलीत शिरल्या शिरल्या दोरीवर लुगडं वाळत हाय का, तेच आधी बघितलं.

लुगडं न्हाई, तेलाचे डबे! निजामाच्या काळातलं ते इंजिन तुम्ही असं पुसून ठेवलंय की माझं तोंड दिसलं त्यात. जे कधी सुरूच व्हायचं न्हाई, त्याला एवढं तेल? इकडं पोरींच्या डोक्याला थेंब मिळंना.

आणि बाहेर? अगं माय! साग, बांबू, मोहाचा वास, खोलीमागं वाहता झरा. खाली कोलाम आदिवासींची सात-आठ घरं, बाकी माणूस न्हाई. आमच्याकडं दुष्काळ, टँकर आला की बायका एकमेकींच्या झिंज्या उपटतात, आणि तुम्ही वाहत्या पाण्यात पाय सोडून बसत होता! लई राग आला. मग ओंजळीनं पाणी प्यायले आणि रडले.

लातूर नवा जिल्हा झाला, तुमच्या बदलीचा कागद आला, तेव्हा मी शेजारी साखर वाटली होती. तुम्ही लिहिलंत, चार्ज घ्यायला माणूस आला की निघतो. वाट बघून बघून मी तुम्हाला नाही नाही ते बोलले. काल इथला जंगलखात्याचा गार्डभाऊ म्हणाला, दोन येळा दोन माणसं आली होती. यादी घेऊन वस्तू तपासल्या, तर 'इंजिनाची पितळी शिट्टी' सापडंना. दोघंही चार्ज न घेताच परत गेले.

"मग गेली कुठं शिट्टी?" मी विचारलं.

"ती आधीपासूनच न्हाई, वहिनी. भाऊंनी पहिल्या दिवशी यादी न बघताच सही केली. म्हणले, साहेबासमोर काय तपासत बसायचं, बरं दिसत न्हाई."

कपाळ माझं! टोक मोडून बघितल्याबिगर भेंडी न घेणारा माणूस, आणि सरकारी कागदावर डोळे झाकून सही? कधी न बघितलेल्या शिट्टीपायी एवढी वर्षं अडकलात! मला का न्हाई सांगितलं? लाज वाटली? मी चिडले असते, दोन दिवस बोलले नसते. एवढंच ना?

आज सकाळी तुमच्या जंगलखात्याचे साहेब वर आले. "बाई, मालकाच्या जागी तुम्हाला घेतो. पण ह्याच गिरणीवर, आणि चार्ज आजच घ्यावा लागंल." मी यादी नीट वाचली. शिट्टीच्या ओळीवर बोट ठेवलं. "ही न्हाई, साहेब."

"माहीत हाय. पण ती ओळ खोडायचा अधिकार मला न्हाई."

"मग उद्या मला इथनं कोण सोडवणार?"

साहेबांनी नुसतं पेन पुढं केलं.

गावाकडं रान करपून गेलंय. पोरी लातूरच्या होस्टेलात शिकतायत. पगार न्हाई म्हणून शेणात हात घालायला त्यांना परत बोलवू? तुम्ही न बघता सही केली, मी बघून केली.

आता साहेबाची जीप उतरून गेली. रानकोंबडा ओरडतोय. रान लई देखणं हाय हो, पण माझा जीव गुदमरतो. तुमचाही असाच गुदमरायचा का? का मी इतकी बोलायची, म्हणून बरंच वाटायचं?

शब्द देते तुम्हाला. पोरींना सुट्टीत इथं आणीन, झऱ्यात डुंबू देईन, बापानं इंजिन कसं ठेवलं ते दाखवीन. पण त्यांचा मुक्काम आठ दिवस, नववा न्हाई. मी मेल्यावर साहेब आपल्या घरी येतील, थोरलीला जागा देतो म्हणतील. तिला आत्तापासूनच सांगून ठेवते, न्हाई म्हणायचं.

तुमची,
गया