आमच्या विसेंताला सांता म्हणतात

२८ ऑक्टोबर
आज पुन्हा माती नेली! दुखण्यावर उतारा म्हणून विसेंताच्या थडग्याची कड पोखरून ठेवलीय मेल्यांनी. क्रुसाला नवसाचे मेणाचे हात, मेणाचे पाय, कुणाची तरी कापलेली वेणी. लेकीला जाऊन वर्षही झालं नाही, आणि अख्खं गाव तिला ‘सांता विसेंता’, संत विसेंता, म्हणतंय. तापाच्या साथीत तिनं सगळ्यांची पोरं सांभाळली म्हणून. सांभाळली खरी. त्यातच गेली.

शेजारची पेत्रा म्हणते, “जन्मात खोटं बोलली नाही गं तुझी पोर!” खोटं बोलण्यात तिचा हात कोण धरणार होतं? पेत्राच्याच झाडाची अंजिरं खाऊन, तोंड पुसून, “मी नाही!” म्हणायची.

३० ऑक्टोबर
फादर हिलारिओंकडे गेले. म्हटलं, थांबवा हे. म्हणाले, “तोमासा, ही पदवी आता रोमच देतं. पण पूर्वी लोकच द्यायचे, थडग्यापाशी जमून. ‘सांता’ हा जुन्या लॅटिनमधून आलेला शब्द. देवासाठी वेगळं काढलेलं, असा अर्थ.” मग उसासा टाकून — “गावापुढे माझं काय चालतंय!”

देवासाठी म्हणे! माझ्यापासून वेगळी काढली, तेवढं खरं.

१ नोव्हेंबर
थडगं एकटीनंच धुतलं. नवऱ्याच्या, सातुर्निनोच्या, अंगात कसकस आहे.

२ नोव्हेंबर
आज मृतांचा दिवस. घरातल्या प्रत्येक गेलेल्या माणसासाठी तेलावर वात सोडायची, त्याच्या आत्म्याला शांती मागायची. आईची सोडली, सासऱ्यांची सोडली. विसेंताची घेतली तर पेत्रानं मनगटच धरलं!
“वेड लागलं का गं? संतांसाठी प्रार्थना करतात होय? संतांकडे मागायचं असतं!”
बाकीच्या बायका माना डोलावताहेत. माझ्याच घरात!

आईनं लेकीसाठी एवढंही करायचं नाही? खूप रडले. त्या गेल्यावर गुपचूप वात लावली. विझू देणार नाही, रोज तेल घालीन. भांडकुदळ पोर माझी, तिला शांती मागायला नको?

५ नोव्हेंबर
सातुर्निनोचा ताप उतरत नाही. डॉक्टर माझ्या नजरेला नजर देत नाहीत.

७ नोव्हेंबर
छाती घरघरतेय. पाणीसुद्धा गिळवत नाही. काय करू? कुणाकडे जाऊ?

८ नोव्हेंबर
विसेंताची वात विझवली. थडग्यापाशी गुडघे टेकले, मूठभर माती घेतली. म्हटलं — सांता विसेंता, तुझ्या बाबांना वाचव.