जुन्या फ्रिजातली तीन पिल्लं

प्रिय हर्षाली,

तीन फुटली! सहातली तीन. तुझ्या भागुआत्याला ही बातमी तूच दे, मी दिली तर म्हणेल सावळ्या थापा मारतो. फोनच केला असता, पण फोनवर मी मुद्द्यावर येईपर्यंत तू 'पप्पा, जेवलात का' विचारतेस आणि माझं सांगायचं राहून जातं. म्हणून कागद घेतला. पूर्ण वाचल्याशिवाय जावईबापू शेखररावांच्या हातात देऊ नकोस.

दिवाळीनंतर तू गोड बातमी दिलीस आणि दुसऱ्याच दिवशी आत्याने देवळ्याहून निकाल दिला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायला हवं, पण आई नाही त्या घराला माहेर कोण म्हणतं, तेव्हा पोरीला माझ्याकडे पाठव. तू हो म्हणालीस. वर मलाच समजावलंस, पप्पा, तुम्हाला नाही जमायचं. लय लागलं गं ते. बत्तीस वर्षं सातपूरला फिटर होतो, मला 'जमायचं नाही' असं फोरमनसुद्धा म्हणाला नव्हता.

त्याच आठवड्यात कळवणला योगेशकडे गेलो. कंपनीतला माझा जोडीदार. एमूपालनाची हवा होती तेव्हा त्याने ते शहामृगासारखे पक्षी घेतले होते. हवा गेली तशी लोकांनी रानात सोडून दिले, याने तीन सांभाळले. त्याचा नर आता म्हातारा झालाय, अंड्यांवर बसत नाही. मी म्हटलं, दे इकडे, मी बसतो. योगेश हसला. मी सहा अंडी गोधडीत गुंडाळून एसटीने घरी आणली, चांगली छोट्या पपईएवढी, काळपट हिरवी. तुझ्या आईचा बंद पडलेला फ्रिज होता, त्यात दोन बल्ब, एक छोटा पंखा आणि थर्मोस्टॅट बसवला. साडेछत्तीस अंश. काटा इकडचा तिकडे होऊ द्यायचा नाही, आणि दिवसातून चार वेळा अंडी फिरवायची. कॉलनीतल्या बायका दारातून डोकावून हसायच्या. हसोत बापड्या.

पण पहिली सहाच्या सहा गेली. आत्याने फोनवरून सांगितलं होतं की शेवटच्या दिवसांत अंड्यांवर कोमट पाणी शिंपड, आपली आई खुडूक बसलेल्या कोंबडीच्या अंड्यांवर शिंपडायची तसं. मी मुकाट्याने शिंपडलं. पन्नास दिवस उलटले, काही हलेना. फोडून पाहिली तर आत पुरी वाढलेली पिल्लं, पाण्याने फुगून गुदमरलेली. एमूच्या अंड्याला कोरडी हवा लागते, ते कोंबडीचं नव्हे, हे योगेशने नंतर सांगितलं. न्हाणीत जाऊन रडलो मी, आता सांगायला लाज कसली? आणि आत्या काय म्हणाली ठाऊक आहे? बघ, बाप्या माणसाचं काम नाही हे. पाणी तिचं आणि खापर माझ्या डोक्यावर!

मग मात्र मी इरेला पेटलो. संक्रांतीच्या आधी पुन्हा सहा आणली. या वेळी पाण्याचा थेंब नाही. दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन, कारण अंडं हळूहळू हलकं व्हायला हवं. एमूच्या अंड्यातून उजेड आरपार जात नाही, त्यामुळे आत जीव आहे का हे कळायची एकच युक्ती. अंडं फरशीवर ठेवायचं आणि शीळ घालायची. पंचेचाळिसाव्या दिवशी मी शीळ घातली आणि एक अंडं डुललं. आपोआप! मी परत घातली, ते परत डुललं. अगं, सत्तरीला टेकलेला माणूस फरशीवर पालथा पडून अंड्याशी बोलत होता, तू पाहिलं असतंस तर हसून मेली असतीस. परवा सकाळी तिघं बाहेर आली, अंगावर पट्टे, पाय लटपटत. सध्या माझ्या मागून घरभर फिरतात. पुढच्या आठवड्यात योगेशकडे सोडेन.

एमूची मादी अंडी घालून निघून जाते. आठ आठवडे नर बसतो, खात नाही, पीत नाही, पुढे पिल्लंही तोच वाढवतो. हे मी आत्याला ऐकवलं तर म्हणाली, पाखरांचं काय सांगतोस, माणसांत असं कुठे असतं?

असतं. हर्षाली, अठ्ठावीस वर्षं झाली, मी कुणाला बोललो नाही. तू जन्मलीस तेव्हा तुझ्या आईलाही आई नव्हती. दवाखान्यातून घरी आलो आणि तिसऱ्या दिवशी तिला ताप भरला, उठता येईना. मी कंपनीत कावीळ झाली म्हणून सांगितलं आणि महिनाभर घरी बसलो. घरातली तुझी पहिली आंघोळ मी घातली, पायांवर पालथी घेऊन. धुरी मी दिली, लंगोट मी धुतले, तुझ्या आईची कंबर मी शेकली. बारशाला आत्या आली, तुझं बाळसं पाहून म्हणाली, वहिनी, एकटीने छान केलंस हो. आईने माझ्याकडे पाहिलं. तिने मला शपथ घातली होती, नवऱ्याने बाळंतपण केलं हे लोकांत कळलं तर मान खाली जाईल. ती होती तोवर मी शपथ पाळली. आज मोडतोय, आणि तिला ते चालेल, मला माहीत आहे. तुझ्या अंगाला तेल लावायला विठाबाई येईल, डिंकाचे लाडू वळायला मी शिकलोय, पण बाळाची आंघोळ मी कुणाला देणार नाही. आई नाही म्हणून माहेर नाही, असं पुन्हा कुणी म्हणू दे माझ्यासमोर! तुझा सातवा संपतोय. रविवारी गाडी घेऊन पुण्याला येतोय. पिशवी भरून ठेव. आत्याला काय सांगायचं ते मी सांगतो.

तुला पहिल्यांदा न्हाऊ घालणारा, तुझाच
पप्पा