मला मावशी म्हणणाऱ्या लेकीसाठी

मी, पंचफुलाबाई अण्णाराव टेकाळे, वय ६६ वर्षे, निवृत्त अंगणवाडी सेविका, राहणार लोहा, जिल्हा नांदेड, हे मृत्युपत्र माझ्या घरात, दिवसाउजेडी, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते.

वकीलसाहेबांनी दिलेल्या नमुन्यात पुढचं वाक्य असं होतं की मला कोणताही मानसिक आजार नाही व कधी नव्हता. ते मी खोडलं आहे. खरं असं की माझं डोकं ठिकाणावर आहे, आणि चार वर्षांपासून मी नांदेडच्या मानसोपचार डॉक्टरांच्या गोळ्या घेते. दोन्ही एकाच वेळी खरं आहे. "बाई, कशाला उगाच कोर्टाला खाद्य देता?" असं वकीलसाहेब म्हणाले. मी छत्तीस वर्षं लपवालपवी केली आहे. मरताना ती करायची नाही. मी शुद्धीत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

हे सगळं आधी लिहायचं कारण माझे दीर ग्यानोबा. ते चहा पिता पिता म्हणाले होते, "वैनी, येडीच्या नावावर घर करून काय उपेग? अन् तुमी बी डोक्याच्या गोळ्या खाऊन राहिल्या. तुमचा कागद टिकायचा न्हाई. घर आमच्या लखनच्या नावानं करा, पोरीला दोन घास आमी टाकू." घास टाकू म्हणाले. घास जनावराला टाकतात. ग्यानोबांना व लखनला या मृत्युपत्राने काहीही दिलेलं नाही. हे विसरून राहिलेलं नाही, ठरवून केलेलं आहे.

१) माझी मुलगी अंबिका, वय ३६. तिला बौद्धिक अपंगत्व आहे. मी अंगणवाडीत गावभरच्या लेकरांची वजनं केली, कोणाचं पोर कधी बसलं, कधी रांगलं याची नोंद ठेवली. माझी स्वतःची पोर सात महिन्यांची झाली तरी मान धरेना, आणि ते मी कुठंच नोंदवलं नाही. आज ती स्वतः जेवते, कपडे घडी करते, दळण आणते. पैसे समजत नाहीत. आवाज चढला की कानावर हात ठेवते. तिचा अपंगत्वाचा दाखला हिरव्या पिशवीत आहे. नूतनीकरणाला गेलं की दर वेळी नव्यानं तपासतात, जणू मधल्या काळात ती बरी झाली आणि आम्हाला सांगायचं विसरली.

२) लोह्यातलं पत्र्याचं दोन खोल्यांचं घर माझ्या नावावर आहे. ते अंबिकाच्या हयातीत अंबिकाचं. बँकेतली ठेव तिच्या औषधपाण्यासाठी. तिच्या पश्चात दोन्ही, पुढे कलम ५ प्रमाणे जी तिला सांभाळेल तिचं. वजनकाटा शासनाचा होता, तो मी परत केला आहे, त्यासाठी माझ्या पेट्या उचकू नयेत.

३) माझा मुलगा शिवशंकर लातूरला क्लासमध्ये शिकवतो. दुसऱ्यांची लेकरं डॉक्टर करतो. त्याला वडिलांचं घड्याळ व सायकल द्यावी. अंबिकाचं पुढं काय, असं विचारलं की फोनवर म्हणतो, "आई, बघू." बारा वर्षं बघतोच आहे. त्याच्या वडिलांचंही तेच होतं. घरात पोरीनं आरडाओरडा केला की अण्णाराव बस स्टँडवर चहाला जात. पुरुषाला बाहेर जायला दार असतं. ते जाऊन सहा वर्षं झाली, माझा राग अजून गेला नाही.

४) पितळी करा, म्हणजे लग्नात करवलीच्या हातात असतो तो छोटा कलश, अंबिकाचा. तो मोडीत घालू नये. याचं कारण लिहिणं भाग आहे.

बारा वर्षांपूर्वी शिवशंकरची सोयरीक किल्लारीच्या वर्षाराणीशी जमली. भावाच्या लग्नात बहीण करवली असते, हातात करा धरून नवरदेवाच्या मागं उभी राहते. अंबिका एकुलती बहीण. मी हा करा आणला आणि ती महिनाभर अंगणात पाणी भरून चालायला शिकली. शेवटी शेवटी थेंब सांडत नव्हता. मग शिवशंकर म्हणाला, "आई, एवढं लग्न होईस्तोवर तिला कुठंतरी ठेव." मी त्याच्या थोबाडीत द्यायला पाहिजे होती. मी अंबिकाला इस्लापूरला बहिणीच्या मुलीकडे, गीतांजलीकडे ठेवलं. पत्रिकेत तिचं नाव छापलं नाही. करा ग्यानोबांच्या मुलीनं धरला.

तीन आठवड्यांनी अंबिकाला परत आणलं. त्याआधी इस्लापूरला दोन दिवस बसून तिला एक शिकवलं, नव्या वहिनीसमोर मला मावशी म्हणायचं. ती शिकली. मी सुनेला सांगितलं, लांबच्या नात्यातली आहे. चार महिने माझी लेक माझ्याच घरात मला मावशी म्हणत होती. एकदा तापात ती "आई" म्हणाली आणि मी ओ दिली. वर्षाराणी दारात उभी होती. आठ दिवसांत नवराबायकोनं लातूरला बिऱ्हाड केलं.

मी गावभर सांगितलं, सून येडीला बघून पळाली. आजही गल्लीत वरात आली की अंबिका करा घेऊन दारात उभी राहते. वरात गेली तरी उभीच.

त्यानंतरची वर्षं मी कशी काढली ते मलाच माहीत. झोप नाही, अन्न गोड लागत नव्हतं. ती माझ्या आधी जावी असं मी देवाला मागत होते, आणि त्याच हातानं तिची वेणी घालत होते. कोणी म्हणायचं, धन्य ती माऊली. त्या शब्दाचा मला वीट आला आहे. धन्य म्हणणाऱ्या एकीनंही अर्धा दिवस पोर सांभाळली नाही. शेवटी अंबिकाच्या फिटच्या गोळ्यांसाठी नांदेडला गेले तेव्हा डॉक्टर तिला तपासून माझ्याकडे वळले. "आणि तुम्ही कशा आहात?" मला त्यांचा रागच आला. बत्तीस वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. मी तिथं बसून रडले. अंबिकानं पदरानं माझं नाक पुसलं.

५) गेल्या वर्षी माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. न बोलावता वर्षाराणी आली. आठ दिवस राहिली, अंबिकाला न्हाऊ घातलं. चौथ्या दिवशी मी टोमणा मारलाच, तेव्हा ती म्हणाली, "आत्याबाई, मी अंबिकाताईला बघून न्हाई गेले. पोटच्या लेकीला तुमी मावशी म्हणाय लावलं, ते बघून गेले. म्हटलं, जी बाई लेकीला नाकारती, ती मला कवा नाकारील त्याचा काय नेम? मला आधी इचारलं असतं तर मी हाव म्हणले असते."

इतकी वर्षं मी तिला शिव्या दिल्या. चूक माझी होती.

म्हणून या कलमानं मी तिला आता विचारते. माझ्यामागं अंबिकाची कायदेशीर पालक वर्षाराणीनं व्हावं. अशा लेकरांचे पालक नेमणाऱ्या जिल्ह्याच्या समितीकडचा अर्ज हिरव्या पिशवीत भरून ठेवला आहे. हा हुकूम नाही. नाही म्हणाली तरी तिला कोणी बोल लावू नये. मग गीतांजलीनं पाहावं.

६) जी सांभाळेल तिच्यासाठी. दरवर्षी पंधरा दिवस अंबिका इस्लापूरला गीतांजलीकडे राहील, गीतांजली हो म्हणाली आहे. त्या पंधरा दिवसांत सांभाळणारी कुठं गेली, झोपून राहिली का, हे कोणीही विचारू नये. तिला जड गेलं तर तिनं "जड जातंय" म्हणावं, आणि ऐकणाऱ्यानं "त्यात काय एवढं" म्हणू नये. माझ्या डॉक्टरांचा पत्ता करंड्यात आहे. हे कलम घराच्या कलमाइतकंच पक्कं समजावं.

७) मी गेल्यावर अंबिकाला आई बाजाराला गेली असं सांगू नये. ती वाट बघत उभी राहील. तिला माझ्याजवळ बसवावं, सगळ्यांसमोर.

वरील मजकूर वाचून, समजून सही केली आहे.

सही : पंचफुलाबाई अण्णाराव टेकाळे
साक्षीदार : १) मल्लिनाथ शिवलिंग स्वामी, शेजारी २) नीलाबाई पवळे, अंगणवाडी मदतनीस
ठिकाण : लोहा. दिनांक : ११ फेब्रुवारी २०२५

कलम ५ बाबत वर्षाराणीचं म्हणणं, तिच्याच अक्षरात :

सगळं वाचलं. मान्य. कलम ६ सोडणार नाही, आधीच सांगते. समितीच्या अर्जात नात्याची जागा आत्याबाईंनी कोरी सोडली होती, ती मी भरली आहे : सख्खी नणंद.