तिकोनी काच

दि. ९ मार्च

ती. ताईस,
धाकट्याचा नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? भावजींचा खोकला उतरला का? इकडे आम्ही बरे आहोत. कुलूप-किल्ल्यांचं दुकान सध्या बंद ठेवलंय. तुझी भावजय म्हणाली, आधी ताईंना लिहा, मग जेवायला बसा. म्हणून ताट झाकून लिहितोय.

मागच्या महिन्यात एका रविवारी सकाळी मी तुझ्या जावयाची गाडी उघडून दिली. त्याच्या वडिलांची ती जुनी गाडी तू पाहिली आहेस. लग्नात भिंगरीला त्याच गाडीतून नेलं होतं. जावयांचा निरोप आला, "किल्ली आत राहिली, दारं लागली. तुमच्याशिवाय कोणाचा हात मी गाडीला लावू देणार नाही, मामा." खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. जावयानं मामेसासऱ्याला मानानं बोलवावं, तेही त्याच्या हातातल्या कसबासाठी!

गाडी मागच्या शेडमध्ये होती. वरून खालपर्यंत जाड कापड. मी म्हटलं, कापड काढून घेऊ. ते म्हणाले, "नको. धूळ घासली जाते, रंग जातो. तुम्हाला लागेल तेवढंच उचला." भिंगरी दिसली नाही. विचारलं, तर म्हणाले, बाजारात गेलीय.

अशा गाडीला पुढच्या दारात एक छोटी तिकोनी काच असते, हवेसाठी. तिला आतून खटका. मोठी काच फोडली तर दुसरी मिळत नाही, कुलपात आकडे घातले तर ते कायमचं बिघडतं, म्हणून शहाण्यानं तिकोनी काचेकडूनच जावं. मी कोपऱ्याएवढं कापड वर केलं. आत पडदा ओढलेला होता. जुन्या रबरावर कोमट साबणाचं पाणी सोडलं, ते मऊ होईपर्यंत थांबलो. पातळ पट्टी कपाळाला लावली, देवाचं नाव घेतलं आणि रबराखालून सरकवली.

जावई शेजारी उभे राहून म्हणाले, "मामा, तुम्ही चोर झाला असता तर आज बंगल्यात असता."
मी म्हटलं, "आणि तुम्ही मला जेवणाचा डबा घेऊन भेटायला आला असता, तुरुंगात."
दोघंही मोठ्यानं हसलो.

खटका फिरेना. थोडा हलायचा आणि परत यायचा. मला वाटलं, गंज. आणखी पाणी सोडलं, पट्टी जरा जोरात दाबली. मग एकदम सुटला. काच उघडली, हात आत घातला, दाराचं हँडल चाचपडलं, तर बोटांना बोटं लागली.

गार होती, ताई. आणि ओली.

तुला आता कळलंच असेल. मी मघापासून साबण आणि रबराचं सांगत बसलोय, कारण त्याच्या पुढचं लिहायला हात धजत नाही.

आत भिंगरी होती. सीटपुढे खाली पाय दुमडून बसलेली. खटका तिनं बोटानं धरून ठेवला होता. माझ्या पट्टीनं त्या बोटाची साल निघाली होती. जावयांनी माझ्या खांद्यावरून वाकून दार उघडलं, तिला दंडाला धरून बाहेर घेतलं आणि मला म्हणाले, "बघा तुमच्या भाचीचं पोरपण! रुसून बसली होती." हसत होते. त्यांचा अंगठा तिच्या दंडात रुतला होता, तिथलं कातडं पांढरं पडलं होतं. मग त्यांनी दाराची कड बोटानं तपासली आणि म्हणाले, "एक ओरखडा नाही. मानलं मामा तुम्हाला."

माझ्या उस्तादांनी एकच शिस्त लावली होती. बंद दाराला हत्यार लावण्याआधी ठोठावायचं, घर रिकामं आहे असं सगळं गाव सांगत असलं तरी. इतक्या वर्षांत मी कधी चुकलो नाही. पण गाडीला कोण ठोठावतं?

जाताना ती पाणी द्यायला आली तेव्हा पुटपुटली, "मामा, तुझा आवाज ओळखला होता. हाक मारणार होते. मग तुम्ही दोघं हसलात."

त्या घरात तो फक्त एकाच गोष्टीवर हात उचलत नाही, ती गाडी. म्हणून ती किल्ली घेऊन त्यात जाऊन बसली होती. आणि तिनं दार उघडलं नाही तेव्हा ते कापड त्यानं वरून टाकलं होतं. "बस अंधारात," म्हणाला होता. हे तिच्याच तोंडून कळलं.

मी ते पाणी प्यायलो आणि घरी आलो. हे मला तुझ्यापासून लपवायचं होतं. गेल्या पावसाळ्यात ती तुझ्याकडे आली होती, तू भांड्याला भांडं लागतंच म्हणून तिला परत पोचवलंस. मी त्या वेळी तुझ्यावर मनात रागावलो होतो. आता कुठल्या तोंडानं रागावू?

त्यानंतर देवापुढे बसलो की समई दिसायची नाही, तो पडदा दिसायचा.

मग परवा पुन्हा निरोप आला. "मामा, गाडीच्या मागच्या दारांची आतली हँडलं आणि बटणं काढून टाका. आतून लावता यायला नको, उघडता यायलाही नको. लहान मुलांसाठी करतातच लोक तसं."

त्यांच्या घरात मूल नाही, ताई.

मी कळवलं, येतो. हत्यारं घेऊन काल सकाळी गेलो. या वेळी कापड काढलेलं होतं, गाडी आरशासारखी चकाकत होती. म्हटलं, "किल्ली द्या, कुलूप फिरवून पाहावं लागेल." ती किल्ली त्यांनी आजवर कुणाच्या हातात दिलेली नाही. मला दिली, ओरखडा पाडला नव्हता ना! मग म्हटलं, "दाराचं आतलं अस्तर धरायला कुणीतरी हवं. भिंगरीला पाठवा. आणि पुसायला मऊ फडकं आणा, माझ्या हाताला तेल आहे." फडकं आणायला ते स्वतः घरात गेले. दुसऱ्याच्या फडक्यावर त्यांचा भरवसा नाही.

ती आली तेव्हा मी गाडीचं मागचं दार लावून घेतलं होतं. काचेवर बोटानं ठोठावलं.

म्हणाली, "आत तर कुणी नाही, मामा."
"माहितेय. राहून गेलं होतं."

तिनं माझ्याकडे पाहिलं, किल्लीकडे पाहिलं. दार उघडलं, आत हात घालून हँडल फिरवून बघितलं. दोनदा बघितलं. मग चपला न घालताच आत बसली.

फाटकाचं एक दार बंद होतं. उतरून उघडायला वेळ नव्हता. खांबाला घासत गाडी बाहेर काढली, पुढच्या दिव्यापासून मागच्या चाकापर्यंत. तो आवाज अजून कानात आहे. आरशात जावई धावत येताना दिसले. ते ओरडत होते, "रंग! अहो, रंग!" तिचं नाव काही ऐकू आलं नाही.

गाडी पोलीस चौकीसमोर कुलूप लावून उभी केली. किल्ली टेबलावर ठेवली आणि आम्ही दोघांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं. तिथल्या बाईंनी तिच्या दंडावरचे डाग पाहिले, बोटही पाहिलं. माझ्यावर गाडी नेल्याची तक्रार होईल, झालीही असेल. होऊ दे.

जावई तुझ्याकडे येतील. गोड बोलतील, तुझ्या पायाही पडतील. लेक कुठे आहे विचारतील. म्हणून पत्राच्या वर मी गावाचं नाव लिहिलेलं नाही, आणि हे टाकायला एक ओळखीचा ड्रायव्हर लांबच्या गावी घेऊन जाणार आहे. तुला खोटं बोलता येत नाही, लहानपणापासून येत नाही. तेव्हा तुला ठाऊकच नसलेलं बरं.

ती आत झोपली आहे. दाराला आतून कडी आहे, ती तिनंच लावलीय. मी बाहेर बसलोय.

पुढे कधी तुला इथे बोलावलं आणि तू ठोठावलंस, तर ती उघडेल की नाही, ते तिच्यावर सोडलंय.

तुझा,
धाकटा